नुसतं वळलेलं पान

लातूर
१२ जानेवारी २०२५

सादिया बेटी,

मामूची दुआ. इथं सगळं ठीक. थंडी आहे, दवाखान्याचा चहा पातळ आहे आणि शेजारच्या खाटेवरचे आप्पासाहेब माझे विनोदी लेख वाचून हसत नाहीत. तेवढं सोडलं तर तब्येत झकास.

परवा नांदेडला तुझ्या प्रयोगशाळेत येऊन मी हृदयाच्या तपासणीची सीडी तुझ्यापुढं टाकली. "नवी झडप बसवा म्हणतात. तू आधी कॉम्प्युटरात चालवून बघ, चालली तर बसवतो." जसा काही उदगीरच्या बाजारातून पंप घ्यायचा होता!

तू हसली नाहीस. माझाच लेख असलेलं पेपरचं पान उचलून वाकवलंस. "मामू, झडपेची पाकळी अशी पातळ. ताणते थोडी, वळते लई. साध्या गणिताला ते कळत न्हाई. नुसती वळली, तरी ते ताणली समजतं."

हे साधं गणित आपल्याच घराण्यातलं. मी नुसती मान वळवली तरी तुझी अम्मी म्हणते, निजाम चिडला.

तुझं गणित मात्र वळण वेगळं काढतं, ताण वेगळा. मग पडद्यावर तीन पाकळ्या उघडल्या, पार मागं झुकल्या, अलगद मिटल्या. पुन्हा उघडल्या. जन्मभर दिसेल त्याची टिंगल केली, पण तिथं मी खुर्ची पुढं ओढून बघत बसलो. एवढ्याशा कातड्याच्या जिवावर माणूस चालतो, बोलतो, वर माज करतो?

"माझी चालेल ना?" मी विचारलं.

"हे मॉडेल आहे, मामू. तुमचं काळीज न्हाई. तुमचं मला माहीत न्हाई." आणि तू भिंतीकडं तोंड केलंस.

लातूरपर्यंत बसमध्ये मी तेच धरून बसलो, पोरगी चिडली म्हणून.

आज इथल्या मशीनवर माझी स्वतःची झडप पाहिली. ताठरलीय बिचारी, अर्धवटच उघडते. तरी उघडतेय! सुट्टी नाही, तक्रार नाही. माझ्याच छातीत एवढं नवल चाललेलं आणि मला पत्ता नाही. बघता बघता तुझं ते भिंतीकडं वळणंही ध्यानात आलं. चिडली नव्हतीस, डोळे लपवायला वळली होतीस.

बाकी सगळे म्हणतात, काही होत नाही. माहीत नाही म्हणणारी तू एकटीच. त्या खरेपणाच्या भरवशावर डॉक्टरांना हो म्हणालो. ऑपरेशन बुधवारी सकाळी.

तुझ्या अम्मीला मी पोटाचं दुखणं म्हणून सांगितलंय. खरं काय ते तू सांग. जगाला टोचणारी माझी जीभ तिच्यापुढं चालत नाही. दोघी मिळून या. आल्यावर भिंतीकडं तोंड करावंसं वाटलं तर खुशाल करा. मी चिडल्या समजणार नाही.

तुझा, लई घाबरलेला,
निजाम मामू