फोल्डर करायचा हुकूम

४ मार्च
ह्यांनी माऊस काढून ठेवला! ड्रॉवरमध्ये, वर कुलूप. इमारतींचे नकाशे छापायचं आमचं एवढंसं दुकान, त्यात माणसं दोनच — हे आणि मी. मी नकाशे गुंडाळायचे, ह्यांनी संगणक सांभाळायचा, अशी इतक्या वर्षांची वाटणी. आता म्हणे संगणकही मीच बघायचा. तोही काळ्या पडद्यावर हुकूम टंकून! गिऱ्हाइकाचं फोल्डर करायचं? आधी mkdir लिहा, मग नाव लिहा. अहो, दोनदा टिचकी मारली की फोल्डर होतं, शेंबडं पोरसुद्धा जाणतं! पण नाही. ह्यांचं सगळंच जगावेगळं.

५ मार्च
डोकं उठलं.

७ मार्च
आज शोभाच झाली. ‘नवा दवाखाना’ असं टंकलं, मध्ये जागा सोडून — माणसं लिहितात तसं. तर त्या मेल्यानं दोन फोल्डरं केली! एक ‘नवा’, एक ‘दवाखाना’. निम्मे नकाशे इकडे, निम्मे तिकडे. कंत्राटदार जिना नसलेला दवाखाना घेऊन गेला आणि तणतणत परत आला. त्याच्यादेखत हे मला म्हणतात, मध्ये आडवी रेघ द्यायची, सांगितलं होतं ना! कधी सांगितलं होतं? घरी येऊन मी भांडी आपटली.

९ मार्च
शेजारी खुर्ची टाकून बसतात, हाताची घडी घालून. काय टंकलंस, वाच. काय उत्तर आलं, वाच. मोठ्यानं वाच! मी काय पहिलीत आहे? समोर तर आहे, तुम्हीच वाचा की, म्हटलं. तर पुन्हा तेच, वाच! मिजास बघा!

माझा संशय पक्का आहे. दुकान माझ्या गळ्यात मारायचं आणि आपण पाय पसरून बसायचं — हाच बेत.

१० मार्च
सांगून टाकलं. उद्यापासून दुकानात पाऊल टाकणार नाही. चालवा एकट्यानं, नाहीतर विकून टाका. हे भांडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि झोपायला गेले.

११ मार्च
डबा घरीच राहिला म्हणून द्यायला गेले, तेवढंच. हे टंकत होते, झरझर, बोट कुठे अडखळत नव्हतं. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, “आलीस? बघ गं, झालं का फोल्डर?”

पडदा बंद होता. चालूच केला नव्हता. ह्यांना ते कळलंच नव्हतं.

“झालं,” म्हटलं, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.