अकरा जणांचा बुरूज

वेलचेरी, चेन्नई

प्रिय सावनी,

फोनवर रोज बोलतो तरी ताईने पत्र कशाला लिहिलं, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? बाबांनी पेज किती खाल्ली, फिजिओवाला आला की नाही, एवढं सांगून ‘ठेवते गं’ म्हणतेस. आज तुला ऐकून घ्यावंच लागेल.

आधी मंगळवारच्या लढाईबद्दल. तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला, तू त्यांच्यापाशी कऱ्हाडला राहिलीस आणि मी नोकरीसाठी इकडे परतले, तेव्हा आपण हा किल्ल्यांचा खेळ मोबाईलवर घेतला. दुपारी ते झोपले की तुला तेवढाच विरंगुळा. राज्य दोघींचं, पण वाटणी मीच केली. बालेकिल्ला माझा आणि खिंडीतला टेहळणीचा बुरूज तुझा. थोरलेपणाचा फायदा, दुसरं काय! मंगळवारी शत्रूची तीन हजारांची फौज खिंडीत उतरली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभात खात होते. म्हटलं, गेला बुरूज. तुझ्याकडे माणसं होती अकरा.

आणि तू काय केलंस गं! आधी धुराचा इशारा दिलास, म्हणून माझे दरवाजे वेळेवर लागले. मग रिकाम्या तटावर जागोजागी शेकोट्या पेटवल्यास, आत शेकडो माणसं असावीत तशा. दरवाज्याची वाट तू कधीच वळवून ठेवली होतीस, त्यामुळे हत्तींना धावत येऊन धडक मारायला जागाच नव्हती. ते वळणावर अडकले आणि वरून तुझे धोंडे सुरू झाले. खेळातले तीन दिवस, म्हणजे आपला पाऊण तास, तू तो बुरूज लढवलास आणि फौज परतवलीस. माझ्या शेजारी बसणारा मुरली, तंजावरच्या जुन्या मराठी घरातला, डबा तसाच ठेवून बघत होता. ‘अय्यो, अकराच जणं?’ असं तीनदा म्हणाला. लपाछपीत मी जिच्यावर कायम राज्य आणायचे ती हीच का, असं वाटलं.

मुरलीला इतका चेव चढला की शनिवारी तो मला जिंजीला घेऊन गेला. इथून तीनेक तास लागतात. राजाराम महाराजांचा हा किल्ला कितीतरी वर्षं वेढ्याला दाद देत नव्हता, हे बाबा जेवताना रंगवून सांगायचे, आठवतं? तिथली सगळ्यांत उंच टेकडी, राजगिरी, चढताना माझा जीव मेटाकुटीला आला. अगदी वर शिरताना एक खोल फट आहे आणि तिच्यावर एवढासा पूल. तो काढून घेतला की वर चिटपाखरू जाणार नाही. पण घरी आल्यावरही डोळ्यांपुढून हलली नाही ती लांब कड्यावरची एक चौकी. जेमतेम दोन माणसं बसतील एवढी, सावली नाही, पाणी खाली. तिथल्या माणसाने काय करायचं, असं मी मुरलीला विचारलं. तो सहज म्हणाला, की पहारा बदलत असतील, नाहीतर त्या माणसाला डोळे उघडे असून दिसणार नाही.

रविवारी सकाळी मी खेळ उघडून तुझ्या बुरुजावर बोट ठेवलं. अकराही जण पहिल्या दिवसापासून तेच. सगळ्यांची थकव्याची पट्टी लाल. पहारा बदलायचं बटण बालेकिल्ल्यात असतं, म्हणजे माझ्याकडे, आणि मी ते तीन वर्षांत एकदाही दाबलेलं नाही. रसद मात्र वेळच्या वेळी धाडली. बुरूज पडत नाही म्हणजे तिथे सगळं ठीक आहे, असं धरून चालले. तूही कधी मागणी केली नाहीस.

मग मी कऱ्हाडला काय काय पाठवलं ते आठवायला लागले. बाबांची हवेची गादी, चाकांची खुर्ची, औषधं आणि ढीगभर सूचना. डिसेंबरात इथल्या पुराचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा बाबांची कूस बदलता बदलता तू मला दर तासाला फोन करत होतीस. तू शेवटची सलग कधी झोपलीस, हे मी एकदाही विचारलं नाही. मला फार लाज वाटते, सावने. आणि तू हे सगळं हसतखेळत कसं निभावलंस, ते मला उमगत नाही.

म्हणून हे पत्र. मी चार महिन्यांची रजा घेतली आहे. अठरा तारखेला सकाळी कऱ्हाडला उतरते. पेज, औषधं, बाबांना उचलून बसवणं, सगळं मला दोन दिवस शिकव. मला यातलं काही येत नाही, चुकले तर खुशाल ओरड. मग तू तुझ्या मैत्रिणीकडे, क्षमाकडे कोकणात जा, नाहीतर नुसती झोपा काढ, पण घरात थांबायचं नाहीस. खेळातले अकरा जण मी आजच खाली उतरवलेत. ‘नको गं ताई, मी करते’ म्हणायला फोन करू नकोस, तिकीट काढून झालंय. पहारा बदलायला येतेय, दार तेवढं उघड.

तीन वर्षं उशिरा निघालेली, पण तुझीच,
चित्राताई