मागून लाथ कोणी मारली

९ जून
पलंगावर पडून लिहून राहिलो. डावा पाय उशीवर. संध्याकाळी ग्राउंडवर व्हॉलीबॉल होता. स्मॅश माराले उडालो अन् मागून टाचेच्या वर सणसणीत लाथ बसली. फाटकन आवाज आला. पडल्यापडल्या वळून पाहिलं तर मागं गोपाल. कालच म्हणत होता, "बेचाळीसचा झाला बे वासू, नेट सोड आता." मग काय, सगळ्या आंधळगावासमोर त्याले नाही नाही ते बोललो. तो म्हणे, "मी काय केलं बे?" वर तोंड करून विचारते! वीस वर्षांची दोस्ती, शेताले शेत लागून, अन् लाथ मारते.

११ जून
भंडाऱ्याले डॉ.कडे. त्यांनी पोटरी दाबली, पंजा हललाच नाही. टाचेची मोठी नस तुटली. परवा ऑपरेशन.
डॉ. म्हणाले, "मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल ना?"
"वाटलं काय, मारलीच."
ते हसले. "सगळे हेच सांगतात. उडी घेताना नस आपली आपण तुटते. लाथबीथ कोणी मारत नाही."
बायको, शालू, औषधं आणाले गेली होती. आल्यावर विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, ऑपरेशन म्हणाले.

२ जुलै
प्लास्टर. आमच्या किराणा दुकानात खुर्चीवर मी, तांदळाच्या पोत्यावर पाय. गिऱ्हाईक वाढलं! पाव किलो साखरेले येतात, अर्धा तास पाय पाहतात, दोन इलाज सांगून जातात. आजचा इलाज, हळद अन् मोहाचं तेल. प्लास्टरवरून लावू का बाप्पा?
खरं सांगायचं तर मजा येऊन राहिली. इतक्या वर्षांत असं निवांत बसलो नाही.
एक जण म्हणाला, "पण गोपालनं असं कराले नव्हतं पाहिजे." मी साखर तोलत राहिलो. सांगून टाकाले पाहिजे होतं. लाज वाटली.

२१ जुलै
धानाचा रोवणा सुरू. आमचाही झाला, मी न जाता. दरसाल मी बोंबलत उभा असतो बांधीत, तरी धान लागला म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही. शालूले विचारलं, पाणी कोण पाहते? म्हणे, "पाहते कोणीतरी. तुम्ही पायाचं पाहा."
गोपाल आता ग्राउंडवर येत नाही म्हणतात. त्याच्यामागं पोरं त्याले 'लाथवाला' म्हणतात.

१६ ऑगस्ट
प्लास्टर गेलं. पोटरी पाहून रडूच आलं. सुकलेल्या दोडक्यावानी झाली. बुटात टाचेखाली तीन गाद्या, दर पंधरा दिवसांनी एक काढायची. शालूनं कोचईच्या पानाच्या वड्या केल्या. सात खाल्ल्या. पाय बारीक, पोट मोठं.

७ सप्टें.
दोन गाद्या उरल्या. फिजिओवाली मॅडम लय कडक. भिंत धरून दोन्ही टाचा उचला, वीसदा. एका पायावर उचलता आली भिंत न धरता, तर समजा नस जुळली. डावा पाय एकट्यानं हूं का चूं करत नाही. पण दुकान ते देऊळ काठीशिवाय गेलो! येताना भजे घेतले. शालू ओरडली, तरी खाल्ले तिनंच जास्त.

४ ऑक्टो.
आज पहिल्यांदा शेतात गेलो, काठी घेऊन. धान काय झाला आहे! डोळे निवले. दोघांच्या शेतामधल्या धुऱ्याजवळ कोणीतरी वाकून आमच्या बांधीत पाणी घेऊन राहिलं होतं. गोपाल.
म्हटलं, "तू काहून?"
"मंग कोण? तुह्या पायाले मीच लागलो म्हणते ना सारं गाव." खाली पाहूनच बोलत होता. "मी रोज आठवून पाहतो वासू. ध्यान बॉलकडं होतं, पाय कुठं होता ते याद नाही. तू एवढा छातीठोक बोलला, तर लागला असन म्हटलं."
मग माझ्यानं राहवलं नाही. डॉ.चं सारं सांगून टाकलं. तुझा पाय लागलाच नाही, माझी नस आपली आपण तुटली. माफ कर म्हटलं.
त्याचा चेहरा असा मोकळा झाला. मग म्हणाला, "डॉक्टरनं कधी सांगतलं तुले?"
"तिसऱ्या दिवशी."
त्यानं बोटांवर महिने मोजले. जून ते आता. मग फावड्यानं आमचं पाणी नीट बंद केलं, फावडं खांद्यावर टाकलं अन् निघून गेला. मी हाका मारल्या. मागं धावता तर येतच नव्हतं.

५ ऑक्टो.
शालूले सांगितलं. गोपाल पाणी पाहते हे तिले माहीत होतं, त्यानंच सांगू नको म्हटलं होतं. मग म्हणाली, "शिव्या जिथं दिल्या, तिथंच सांगा आता."

१९ ऑक्टो.
सकाळी डावी टाच उचलली. भिंत न धरता. एकदाच, पण उचलली! शालूनं टाळ्या वाजवल्या. दोघंही येड्यासारखे हसलो.
संध्याकाळी ग्राउंडवर गेलो. गेम थांबवला. सगळ्यांसमोर सांगितलं, गोपालनं मले लाथ मारली नाही, अन् हे मले जूनपासून माहीत होतं. कोणीतरी 'अरारा' म्हटलं, तेवढंच.
शालूनं गोपालच्या घरी निरोप दिला होता. तो आला होता. रस्त्यावरच, मोटरसायकलवर बसून. एवढ्या दुरून ऐकू गेलं का नाही, माहीत नाही, म्हणून पुन्हा एकदा ओरडून सांगितलं.
पोरांनी गेम चालू केला. अंधार पडून बॉल दिसेना, तोवर मी लाईनीजवळ बसून होतो. गोपाल गाडीवरून उतरला नाही. गाडी चालूही केली नाही.