एका दिवसात काय बघायचं?

प्रिय माकोआ,

'प्रिय' हाताच्या सवयीने पडलं, हुरळून जाऊ नकोस. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण तिथे माझ्या शिव्या मावल्या नसत्या. सात वर्षांनी सख्ख्या बहिणीला चार ओळी पाठवल्यास, त्याही कशा? "ताई, आमची बोट पुढच्या महिन्यात अठराला कोना बंदराला लागतेय. सकाळी उतरायचं, पाचला परत. एकच काहीतरी होईल. ज्वालामुखीचं उद्यान बघू की होनाउनाउचं पवित्र स्थान? मुलींना काय आवडेल?" अरे, मी काय बंदरावरची गाईड आहे? खाली 'मनापासून आभार' वाचून तर तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा कसे आहेत, एवढं विचारायला बोटं झिजली असती का तुझी?

उद्यानात कोण राहतं ते तुला मी सांगू? जिने बेटाच्या पुना भागातलं आपलं घर, अख्ख्या आळीसकट, पोटात घातलं ती ज्वालामुखीची देवी, आपली पेलेआजी. लाव्हा आपल्यापासून तीन घरांवर येऊन ठेपला होता आणि बाबा घर झाडत होते. खिडक्या पुसल्या, दाराला फुलांचा हार बांधला, आईची नीरफणसाच्या पानांच्या नक्षीची गोधडी पलंगावर अंथरली. "आजी येतेय. घाणेरड्या घरात यायचं का तिने?" म्हणाले. आपल्या आळीत सगळ्यांनीच झाडलं रे! आणि तू? चारचौघांत बापाच्या हातातला झाडू हिसकून गुडघ्यावर मोडलास. "आई गेली तेवढ्याने भागलं नाही, आता तिची गोधडी पण द्या त्या चेटकिणीला, म्हाताऱ्या!" गेलास तो थेट लास वेगासला. बाबांनी मोडक्या झाडूने उरलेली खोली झाडली. सुपली मी धरली.

खरं सांगू? मलाही ती गोधडी हवी होती. आजारपणात वर्षभर आईने तीच पांघरली होती, तिला आईचा वास होता. तू ओरडलास, मी गिळलं. म्हणूनच तुझा दुप्पट राग येतो. तू ओरडून मोकळा झालास आणि बाबांची ती मुकी सात वर्षं माझ्या वाट्याला आली.

आता आम्ही होनाउनाउच्या जवळच राहतो. तिथला तो मोठा दगडी गडगा आठवतो ना? त्याचे ढासळलेले दगड लावायला बाबा आठवड्यातून चार दिवस जातात. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. प्रवासी विचारतात, "आजोबा, इथे पूर्वी काय व्हायचं?" मग बाबा सांगतात, राजाचा नियम मोडला की मरणच. पण तो माणूस पोहत इथवर पोचला, तर त्याला कुणी हात लावायचा नाही. पुजारी त्याला शुद्ध करणार आणि तो सुखाने घरी जाणार. "गुन्हा कितीही मोठा असला तरी?" कुणीतरी हमखास विचारतं. "कितीही. पण यायचं त्याने. इथून कुणी आणायला जायचं नाही." हे ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा त्या प्रवाशांसमोरच मी भडकले, "आणि तो आलाच नाही तर?" बाबांनी हातातला दगड फिरवून बघितला, बसेना म्हणून बाजूला ठेवला.

तुझा निरोप मी त्यांना जेवताना वाचून दाखवला. म्हणाले, "लिही त्याला, ज्वालामुखी बघा म्हणावं. पोरींना आग बघायला आवडेल. इथे काय, नुसते दगड." तीनदा बजावलं, एवढंच लिही, वर एक अक्षर नको. मग हात धुता धुता विचारतात कसे, कोनाच्या धक्क्यावरून इथे गाडीने चाळीस मिनिटं लागतात की पंचेचाळीस. काल मी डबा द्यायला गेले. रोज समुद्राच्या बाजूला काम करणारा माणूस गाड्या थांबतात त्या बाजूला बसला होता. तिकडे एक दगड ढासळलेला नाही, माकोआ. वरचे चांगले बसलेले दगड काढत होते आणि परत तेच लावत होते. असो. त्यांनी सांगितलं ते लिहिलं, ज्वालामुखी बघ.

तुझीच, अजून तरी,
हौनानी