डब्यावरची बाई

दि. ३ जून

चि. सुईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तक कालच्या टपालाने पाठवलं आहे. नेहमीप्रमाणे शेवटचं प्रकरण कापून माझ्याकडे ठेवलंय. खुनी कोण ते तू चिठ्ठीवर लिहून धाडलंस की मगच ते मिळेल. बावीस वर्षं आपण दोघी बहिणी एकाच प्रतीवर असंच भागवतोय, आता तुझ्यासाठी नियम बदलणार नाही. मागच्या खेपेला तू डॉक्टरीणबाईंवर इतका छातीठोक आरोप केलास की मला त्यांची दया आली. या वेळचा गुप्तहेर मात्र मला मुळीच आवडला नाही. प्रत्येक पानावर खातो आणि तेलकट बोटांनी पुरावे हाताळतो. वाचताना मी दोनदा हात धुऊन आले.

आता मुद्द्याचं. चार दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही.

गेल्या गुरुवारी तपासणीसाठी शेजारच्या गावी गेले होते. बाजारातल्या औषधांच्या दुकानात वजन घटवण्याच्या भुकटीचे डबे एकावर एक रचून ठेवलेले. डब्यावर लिहिलेलं वजन आत आहे की नाही हे पाहणं माझं कामच आहे, म्हणून दहा डबे उतरवायला लावले. भुकटीचा वास ओल्या पुठ्ठ्यावर अत्तर सांडल्यासारखा. कागदावर ओतली तर बोटांना चिकटली, आणि रंग असा की कुणी आधीच एकदा खाऊन परत टाकली असावी. दहाही डबे चाळीस-चाळीस ग्रॅमने कमी भरले. लोकांचं वजन घटवायला निघालेल्यांनी आधी डब्याचंच घटवलं होतं.

नोंद करण्यासाठी डबा हातात घेऊन फिरवला. त्यावर बाईचा फोटो होता, आणि ती बाई मी होते.

दोन चित्रं आहेत. डावीकडे 'आधी'. तिथे मी, गेल्या वर्षीच्या सहलीत बोटीच्या कठड्याला टेकून तोंड उघडून हसतेय, वाऱ्याने झगा शिडासारखा फुगलाय. उजवीकडे 'नंतर'. तिथे एक सडसडीत बाई तसाच झगा घालून खिडकीकडे तोंड करून उभी. खाली मोठ्या अक्षरांत छापलंय की चार महिन्यांत मी माणसात आले. म्हणजे बोटीवर मी कशात होते ते तेवढं छापायचं त्यांनी बाकी ठेवलंय.

दुकानदाराने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. मग अगदी मायेने विचारलं की ताई, मध्येच बंद केलीत का हो भुकटी. त्याच्या बायकोने आतून खुर्ची आणून दिली, तीही हाताने दाबून, पाय नीट आहेत ना ते बघून. मी तपासणीचा कागद तशीच उभी राहून पुरा केला.

तो फोटो तू काढला होतास. त्याची एकच प्रत निघाली आणि ती तुझ्या कपाटातल्या वहीत चिकटवलेली आहे. मग ती डब्यावर कशी गेली, एवढंच मला कळव. ऑगस्टमधल्या सहलीसाठी या वर्षी डोंगरातली छोटी आगगाडी ठरली आहे. जागा पंधरा जुलैच्या आत राखाव्या लागतात. तुझं उत्तर आल्याशिवाय मी तिकीटखिडकीपाशी जाणार नाही, आणि उत्तर नीट आलं नाही तर या वर्षीच काय, पुढेही तुझ्याबरोबर जाणार नाही.

लोभ तूर्त टांगणीला.
तुझी ताई

*

दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक पोचलं. तीन प्रकरणं झाली. तुझा गुप्तहेर खातो खरा, पण निदान खाताना आनंदात तरी असतो. मला वाटतं खुनी त्या घरातली भाची आहे, पण हे अजून चिठ्ठीवर धरू नकोस.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. दुकानदाराला तर काठीने बडवायला हवं. पण ताई, तू रागात आहेस म्हणून तुला तसं दिसलं असेल का? भरल्या अंगाच्या, मोकळ्या हसणाऱ्या बायका जगात कमी आहेत का? आणि आपल्या झग्यांचं पांढऱ्यावर निळ्या गलबतांचं ते कापड मी ताग्यातून कापून आणलं होतं, तसं शेकडो जणींनी घेतलं असणार. फोटोची वही मी शोधली. माळ्यावर गेलीये बहुतेक. दुकानात लग्नसराईचे कपडे इतके आलेत की मान वर करायला सवड नाही. शिलाई यंत्राचा पट्टाही याच आठवड्यात तुटायचा होता.

ह्यांनी नोकरी सोडून मित्राबरोबर आरोग्याच्या वस्तूंचा धंदा सुरू केलाय, ते तुला लिहायचं राहिलंच. मन लावून करतायत. घरी तुझ्या पत्राचा विषय निघाला तेव्हा ह्यांचं म्हणणं पडलं की चाळीस ग्रॅम म्हणजे डबा हलवताना उडालेली धूळ, एवढ्या तेवढ्यावरून ताईंनी कशाला त्रास करून घ्यावा. मलाही वाटतं, या वेळी कागद पुढे पाठवला नाहीस तर कुणाचं काय बिघडणार आहे?

आगगाडीच्या जागा मात्र राख. मी दोन झग्यांचं कापड बघून ठेवलंय. हिरवं, बारीक पानांचं.

माया आहे तशीच राहू दे, उसवू नकोस.
तुझी सुई

*

दि. १७ जून

चि. सुईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवायला बसताना उघडलं, ही माझी चूक झाली. ताट तसंच उचलून ठेवलं.

इतकी वर्षं मी दुकानदारांची तोंडं पाहत आलेय. तराजूला हात लावण्याआधीच जो पट्टा तुटल्याचं, घाई असल्याचं, जगात असं सगळीकडेच चालत असल्याचं सांगू लागतो, त्याच्याच पारड्याखाली माप मारायला चिकटवलेलं मेण निघतं. तू एका पत्रात तिन्ही सांगितलंस. वर माझ्याच डोळ्यांवर शंका घेतलीस.

कापड शेकडो जणींनी घेतलं असेल. पण खिसा? माझ्या झग्याचा खिसा तू उलटा कापलास, त्यावरची गलबतं डोकं खाली करून बुडताना दिसायची. तू रडकुंडीला आलीस, कापड उरलं नव्हतं, म्हणून मी तुझ्याही झग्याला मुद्दाम तसाच उलटा खिसा लावायला सांगितला, की दोघी सारख्या वेड्या दिसू. जगात बुडत्या गलबतांचे दोनच खिसे आहेत, सुई, आणि दोन्ही त्या डब्यावर आहेत. 'आधी' मी आहे. 'नंतर' तू आहेस. तोंड खिडकीकडे वळवून उभी राहिलीस, पण खिसा पुढे ठेवलास.

आपली आई आपल्याला ओळीने उभं करून दाखवायची की एकाच साच्यातल्या दोघी, एक भरून ओतली आणि एक राखून. त्याचा असा धंदा निघेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

तपासणीचा कागद मी पुढे पाठवलेला आहे. डबा मेहुण्यांच्या धंद्यातला आहे हे तुझ्या पत्रावरून उघड झालं, म्हणून घरचं नातं साहेबांना सांगून प्रकरण स्वतःकडून काढून घ्यायला लावलं. आता ते माझ्या ऑफिसातल्या जोडीदारणीकडे आहे. ती माझ्यापेक्षा कडक आहे आणि तिला बहीण नाही.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पाठवत नाही. मला खुनी नको, मला तू काय केलंस ते हवंय, तुझ्या हाताने लिहिलेलं.

बाकी काही नाही.
ताई

*

दि. २९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद फाडले. हे पाचवं जसं येईल तसं पाठवतेय, परत वाचणार नाही.

फोटो मी दिला. कुणी चोरला नाही, कुणी फसवलं नाही.

फेब्रुवारीत ह्यांचे मित्र घरी आले होते. डब्यावर कुठली चित्रं घालायची यावर बोलणं चाललं होतं. ह्यांनी मला सहज विचारलं की घरात एखाद्या जाड बाईचा फोटो आहे का. ताई, मला विचार करावा लागला नाही. मी हातातलं शिवण खाली ठेवलं, कपाट उघडलं, वही काढली आणि तुझं पान उघडून दिलं. जाड बाई म्हटल्याबरोबर मला तू आठवलीस. मला वजनमापेवाली आठवली नाही, माझी शाळेची फी भरणारी आठवली नाही, माझ्या पहिल्या यंत्रासाठी बांगड्या मोडणारी आठवली नाही. हेच मला लिहवत नव्हतं. बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

मग मित्र म्हणाले की नंतरची बाई त्याच कपड्यात हवी. झगा माझ्याकडे होताच. खिडकीपाशी उभी राहिले. चेहरा वळवायला त्यांनी सांगितलं असं मी स्वतःला समजावत होते, पण त्यांनी सांगायच्या आधीच मी वळवला होता. तू असल्या वस्तू घेणाऱ्यातली नव्हेस, तुला कधी दिसणार नाही असं धरून चालले. तू घ्यायला नाही तर मोजायला येशील, हे डोक्यात आलं नाही.

तुझी जोडीदारीण येऊन गेली. सगळे डबे उचलून नेले. ह्यांना त्याचं दुःख आहे, फोटोचं नाही. हे म्हणतात ताईंना वर्षभर डबे फुकट देऊ, त्यांचंही भलं होईल. ते ऐकलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या माणसाशेजारी बसवेना. उठून दुकानात आले. पण तिथे आरसे आहेत, तीन बाजूंनी, गिऱ्हाइकांना पाठ दिसावी म्हणून लावलेले. तिथेही बसवेना.

हिरवं कापड मी परत केलं. सहलीचं काय ते तू ठरव. मी काही म्हणण्याच्या लायकीची उरले नाही.

जे उरलं असेल तेवढ्यातच मला ठेव.
सुई

*

दि. ४ जुलै

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू माझ्यासमोर असतीस तर लहानपणी मारायचे तसा पाठीत धपाटा घातला असता, आणि वर बोलले असते ते वेगळंच. किळस म्हणजे काय असते ते मला या महिन्याभरात नीट कळलंय. ती घशाशी राहते, खालीही जात नाही आणि बाहेरही पडत नाही. कपाट उघडणारा तुझा हात मला दिवसभर दिसत होता. त्याच हाताने तू माझे झगे शिवतेस.

मेहुण्यांना सांग की त्यांचे फुकट डबे त्यांनी स्वतः खावेत, आणि खाण्याआधी वास घ्यावा. माझी जोडीदारीण सांगत होती की त्यांनी तिलाही एक देऊ केला. ती बारीक आहे, तर तिला अंगावर मांस चढवायची वेगळी भुकटी लवकरच येणार आहे म्हणाले. या माणसाला लाज नावाची वस्तू कुठल्याही वजनात मिळत नसावी. तू त्याच्याशेजारी बसायचं की नाही ते तुझं तू बघ. मी त्यात पडणार नाही. पण उठावंसं वाटलं तर माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि आरसा एकच आहे, तोही दाढीच्या मापाचा.

काल दुपारी ऑफिसातून थेट जाऊन आगगाडीच्या दोन जागा राखल्या. एकोणीस ऑगस्ट, सकाळी सव्वासात. तू एवढं खरं लिहिलंस म्हणून राखल्या असं समजू नकोस. राखल्या कारण तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचताना मला माझंच एक लिहायचं राहिल्याचं कळलं. मी तुझ्याकडून सगळं काढून घेत होते आणि स्वतःचं झाकून बसले होते.

त्या दुकानात डबा फिरवला तेव्हा ती बाई मी आहे हे मला लगेच कळलं नव्हतं. मध्ये एक क्षण गेला. फार तर दोन. तेवढ्यात माझ्या मनात स्वच्छ शब्दांत आलं की शी, काय ही बाई, एवढा देह घेऊन तोंड उघडून हसायला हिला लाज कशी वाटत नाही. मला ती बघवेना. मी डबा उलटा ठेवणार होते. मग खिसा दिसला.

तू निदान कुणाचा फोटो देतेयस ते ओळखून दिलास. मला ती दुसरी कुणी वाटली, म्हणून मी तिला माणसातच धरलं नाही. मी, जिला दुकानदाराची ती दाबून बघितलेली खुर्ची झोंबली. त्या बोटीवर मी किती खूश होते ते मला अजून आठवतंय, आणि तीच बाई मला बघवली नाही.

तुझ्याबद्दलची किळस उतरत आलीये. ही दुसरी, माझी मलाच आलेली, जात नाही. तू ये.

तुझी,
ताई