ओढ्यातली पाल

तीर्थरूप आईस, जपानातनं रेणूचा दंडवत.

मी बरी हाय. वृद्धाश्रमातल्या आज्ज्यांना उचलून हात भरून येतात, पण जेवण वेळेवर मिळतं. आप्पांचा खोकला थांबला का? सौम्या झोपताना माझं नाव काढती का?

तुझा फोन आल्यापासनं डोकं तापलंय. लेकराचं बघणं बाप्याचं काम न्हाय म्हणून तुझे जावईबापू सौम्याला पिरनवाडीला तुझ्याकडं सोडून गेले! मला इथं येऊन अजून महिना झाला न्हाय. उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्ट काय ह्यांना एकट्यांनाच असती?

काल सुट्टी होती, म्हणून सोबतिणीसंगं डोंगरातल्या ओढ्यावर गेलते. तिथं दगडाखाली पाण्यातली पाल राहती, इंग्रजीत सॅलॅमँडर म्हणतात तिला. चांगली दोन हात लांब! चपटं डोकं, मोहरीएवढे डोळे, अंगभर सुरकुत्या, आणि त्या कातडीतनंच श्वास घेती. बघूनच मी शी म्हटलं.

सोबतीण म्हणाली, मादी अंडी घालून निघून जाती. मागं नर एकटा बिळात बसतो. शेपटीनं पाणी हलवून अंड्यांना वारा घालतो, नासलेली तेवढी खाऊन टाकतो. थंडी सरून पिल्लं बाहेर पडंपर्यंत जागा सोडत न्हाय. त्याला सासुरवाडी नसावी.

तू रागाच्या भरात जावयाला 'भिंतीवरची पाल' म्हणतीस न्हवं? आता म्हणू नको, आई. मी पाल बघितली. त्यांची तेवढी लायकी न्हाय.

सौम्याला जवळ घेऊन झोप.

तुझी,
रेणू