कडेची रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार
लागली एकदाची नोकरी! शिवणाच्या दुकानात कापड बेतण्यात इतकी वर्षं गेली, ते दुकान बंद पडल्यावर वाटलं होतं, आता बसा हात चोळत. पण इथे त्याच हाताला मान आहे. कॉम्प्युटरवर माणसांचे फोटो येतात. हात, पाय, चेहरा, जे सांगतील त्याच्या कडेनं रेघ ओढायची. रेघेची दोन्ही टोकं जुळली की तेवढा भाग निळा होतो आणि पडद्यावरून निघून जातो. यंत्राला म्हणे माणूस ओळखायला शिकवायचंय. माणसांना तरी कुठे जमतंय! पण पगार बरा आहे, म्हणून मी गप्प. सरावासाठी नव्या माणसाला त्याचाच फोटो देतात. माझे दोन्ही हात मी एका दमात काढले. साहेब खूश. येताना चिमणीसाठी चॉकलेट आणलं, तर लेकीनं अर्धं मलाच भरवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. चालताना त्यांची नजर सारखी स्वतःच्या पायांवर. मी थट्टेनं विचारलं, काय हरवलंय का? त्या हसल्या नाहीत. माझे डोळे हल्ली चुरचुरतात, समोरच्या दुकानाची पाटी पुसट दिसते. डॉक्टरीण म्हणाली, पापण्या मिटत जा, अधूनमधून लांब बघत जा. आमच्या खोलीला खिडकीच नाही, लांब बघणार कुठे, कपाळ!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
गरम किटली नुसत्या हातानं उचलली. चटका बसला नाही. वास आला तेव्हा कळलं, कातडी जळतेय. सासूबाई ओरडल्या, लक्ष कुठे असतं तुझं? खरंच, कुठे असतं? हाताकडे बघितलं की हात असतो. नजर वळली की मनगटापुढे काहीच नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
लहान मुलांचे फोटो कमी पडताहेत. साहेबांनी घरचे आणायला सांगितले. मी चिमणीचा दिला आणि तिचा उजवा हात कौतुकानं मीच काढला. वाकड्या करंगळीलासुद्धा रेघ कशी छान बसली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
चिमणीच्या हातून कप पडला. दुसरा दिला, तोही पडला. रागावले तर म्हणाली, आई, माझा हात झोपलाय. चोळला, दाबला. शेवटी चिमटा काढला. ती नुसती बघत राहिली.
मी काय करून बसले.

२० फेब्रुवारी, गुरुवार
मावशींना गाठलं. त्यांनी सरावाला स्वतःचे पाय काढले होते. मान वर न करता म्हणाल्या, "दिसतंय तोवर आपलं गं. नजर हटवू नकोस."
साहेबांकडे फोटो परत मागितला. म्हणाले, एकदा दिलेला फोटो परत मिळत नाही. चेहरा उरलाय, तुला जमत नसेल तर दुसरं कुणी करेल. मीच करते म्हटलं. रेघ काढली, पण टोकं जुळवली नाहीत. केसाएवढी फट ठेवली आणि घरी आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कामावर गेले नाही. चिमणीला समोर बसवलंय.

मावशींचा फोन. तपासणीत फट सापडली. फोटो दुसऱ्या टेबलावर गेला — कुणाच्या, त्यांना ठाऊक नाही —

चिमणी गालावरून हात फिरवतेय. काय करतेस विचारलं. म्हणाली, तोंड शोधतेय.

मी बघतेय तिच्याकडे. बघतेच आहे. वहीकडे न बघता लिहितेय — पेन बोटांत आहे की गळून पडलं, कळत नाही — पापणी लवू द्यायची नाही — डोळे भरून येताहेत, पुसायला हात सापडत नाही — चिमणे, हलू नकोस, पुसट होतेस गं, तुझे डोळे — तुझं नाक —